सुमनताईंनी ओतून टाकलेला कापूस

आधी नाव सांगते, मग बातमी. सुमनताई. चौथीत शाळा सुटलेल्या, मामाच्या घरी भांडी घासणाऱ्या एका मुलीला त्यांनी पुन्हा अक्षराला लावलं. मामाशी भांडून बालवाडीच्या शिक्षणवर्गाला यवतमाळला पाठवलं. आज मी हे जे वेडंवाकडं लिहिते आहे, ते त्यांच्यामुळे लिहिते आहे. त्या गेल्या. बातमी घेऊन त्यांचा धाकटा भाऊ आला तेव्हा मी बालवाडीत पोरांचे हात धुवत होते. तो दारातच थांबला, चपला काढाव्यात की काढू नयेत अशा घोटाळ्यात. म्हणाला, "ताई गेली. विषमज्वर झाला होता. अमरावतीलाच गेली." मी विचारलं, "कधी?" तर म्हणाला, "तेरावं झालं परवा." मला आधी राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. मला कुणी आणि काय म्हणून कळवायचं? मी त्यांची कोण? तेरावं झाल्यावर का होईना, बस पकडून हा मुलगा माझ्यापर्यंत आला, हेच पुष्कळ. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही... एक पोरगं ओले हात माझ्या पदराला पुसत होतं, तिकडेच बघत राहिले.

मी देवरुखाकडची. बाप गेल्यावर आईनं मला घाटंजीला मामाकडे पाठवलं. मामा जिनात, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या गिरणीत, कारकून. मी भाताच्या गावची. कापूस वातीपुरता आणि गादीपुरता माहीत. तो झाडावर असा उघडा फुटलेला असतो, हे इथं येऊन पाहिलं. इथली बोलीही कळेना. कुणी 'का' म्हणायच्या जागी "काहून?" विचारलं तर मी कान पुढे करून बघायची, आणि लोक हसायचे. मामी वाईट नव्हती, पण तिच्या घरात मी एक ताट जास्तीचं होते. ते तिनं बोलून दाखवलं नाही तरी मला दर जेवणाला कळायचं. चौथी झालेली मुलगी चार वर्षांनी पाटी विसरते. मीही विसरले होते. जोडाक्षर आलं की माझा जीव घाबरा व्हायचा.

एकसष्टच्या हंगामात सुमनताई आल्या. यवतमाळच्या चांगल्या घरातल्या. नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होत्या. मामी म्हणाली, "संख्येचं शास्त्र म्हणजे काय गं? पाढेच ना?" प्रबंधासाठी त्यांनी घाटंजीजवळच्या एका गावची शेतं घेतली होती. शेतमालक मामाच्या ओळखीचा. एकट्या मुलीनं शेतातून कसं हिंडायचं, सोबतीला कुणीतरी बाईमाणूस हवं, म्हणून मामानं मला दिली. कुदळ उसनी द्यावी तशी. ताईंच्या घरी त्यांच्या शिक्षणाला एक शेवटचं वर्ष मिळालं होतं. लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की परीक्षा होऊ द्या, पण पुढच्या उन्हाळ्याच्या पलीकडे आम्ही थांबणार नाही. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी, बांधावरून चालताना सांगितलं. मला नवल वाटलं. माझ्याशी असं कुणी काही बोलत नसे.

काम असं होतं. एका पुस्तकात नुसते आकडे छापलेले. ना बेरीज, ना वजाबाकी. त्यातले कुठलेही दोन आकडे काढायचे, शेताच्या कोपऱ्यापासून एकाइतकी पावलं लांबीला, दुसऱ्याइतकी रुंदीला जायचं, आणि जिथे पाय थांबेल तिथे खुंट्या ठोकून दोरीनं चौकोन बांधायचा. मग त्या चौकोनातल्या पऱ्हाटीला जेवढा कापूस येईल तेवढा दर वेचणीला वेगळ्या पोत्यात घालून तोलायचा. पाय कधी चांगल्या जागी थांबायचा, कधी उधळी, म्हणजे वाळवी, लागलेल्या जागी. शेतमालक म्हणायचा, "बाई, इथं काय पाहून राह्यले? तिकडं या, तिकडची पऱ्हाटी पाहा कशी छातीइतकी झाली!" ताई हसून म्हणायच्या, "नाही दादा, पुस्तकानं इथंच सांगितलंय." पुढे पुढे तो त्या पुस्तकाला 'पोथी' म्हणायला लागला, आणि आम्ही दिसलो की लांबूनच ओरडायचा, "आज पोथी कोन्या कोपऱ्यात धाडून राह्यली?"

वेचणी करायला गावाबाहेरच्या वस्तीतल्या बाया होत्या. छप्पन सालानंतर सगळी वस्ती बौद्ध झाली होती. घराघरात बुद्धाची तसबीर लागली होती, मरीआईचा देव्हारा गेला होता. धर्म बदलला, पण गावची विहीर बदलली नव्हती. त्या बायांची म्होरकी जनाबाई. उंच, हाडाची, बोलायला तिखट. मला तिनं पहिल्याच दिवशी 'कोकनी' नाव ठेवलं. ताईंना ती आधी "बाई" म्हणायची, मग "ताई", आणि महिन्याभरात सरळ "तू"वर आली. दुपारी बाभळीखाली सगळ्या बसल्या की ताई त्यांच्यातच बसायच्या. जनाबाईनं पहिल्यांदा भाकरीचा तुकडा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे केला तेव्हा तिचा हात अर्ध्यात थांबला होता, ते मी पाहिलं. ताईंनी उरलेलं अर्धं अंतर आपला हात पुढे करून संपवलं. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा जनाबाई म्हणाली, "रडू नोको माय, सासरी याच्यापेक्षा तिखट राह्यते!" सगळ्या बाया हसल्या. मीही खाल्लं. घरी गेल्यावर मामीनं विचारलं, "तिकडं काही तोंडात घातलं नाहीस ना?" मी नाही म्हणाले. आणि रोज ती सांगायची तसं मागच्या दारी पायांवर पाणी घेऊन घरात गेले.

एकदा तोलताना शेवंतानं, म्हणजे जनाबाईच्या नव्या सुनेनं, विचारलं, "ताई, ह्या पोत्याचं तू काय करतं?" ताई थकलेल्या होत्या. गमतीनं म्हणाल्या, "अगं, या पोत्यांवरच तर माझी परीक्षा आहे!" बाया एकमेकींकडे पाहायला लागल्या. जनाबाई म्हणाली, "असं होय..." तेवढंच.

पुढच्या वेचणीला मी बघत होते. बाया आपापल्या ओळी वेचत यायच्या, चौकोनाजवळ आल्या की ओट्यातला, म्हणजे कमरेला खोचलेल्या पदराच्या खोळीतला, एक मूठ कापूस ताईंच्या पोत्यात टाकायच्या आणि पुढे जायच्या. बोलणं नाही, काही नाही. देवळाच्या पेटीत टाकतात तसं. स्वतःच्या वेचणीतला कापूस होता तो. तेवढी त्यांची मजुरी कमी. शेवंतानं दोन मुठी टाकल्या आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मला इतकं बरं वाटलं! मला वाटलं, माझ्या ओट्यात असता तर मीही टाकला असता. ताईंसाठी काही करता येईल असं माझ्याकडे काहीच नव्हतं. ह्या बायांकडे निदान मूठभर कापूस होता.

ताईंनी तोलायला घेतलं. पहिलं पोतं झालं, दुसरं झालं, तिसऱ्याला त्या थांबल्या. तो उधळीचा चौकोन होता, निम्मी झाडं वाळलेली. काटा सगळ्यांच्या वर गेला. त्यांनी पुन्हा तोललं. वळून झाडांकडे पाहिलं, पुन्हा काट्याकडे. जनाबाईला राहवलं नाही. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पाह्यतं काय? सगळ्या बायाइनं एक एक मूठ टाकली. तुह्या परीक्षेत कमी नाही पडलं पाह्यजे. हो का नाही वं?" बाया हो हो म्हणाल्या. सगळ्यांचे चेहरे कसे फुललेले. ताई बांधावर बसल्या. तोंड पांढरं पडलेलं, पण त्या हसल्या. म्हणाल्या, "मावशी, फार केलंत तुम्ही माझ्यासाठी." मग विचारलं, "आजच टाकला, की आधीही?" जनाबाई अभिमानानं म्हणाली, "मागच्या बारीपासून. कोन्या पोत्यात किती, ते नोको विचारू."

थोड्या वेळानं ताई उठल्या आणि एकेक पोतं नेऊन शेतमालकाच्या ढिगावर ओतायला लागल्या. सगळी पोती. मला म्हणाल्या, "मला आज नागपूरला गेलंच पाहिजे. सरांना विचारते काय करायचं. तू ह्यांना नीट सांग गं." आणि बस गाठायला निघून गेल्या. खुंट्या तशाच राहिल्या.

नीट सांग... काय सांगू? मला कळलंच नव्हतं. कापूस जास्त भरला तर बिघडलं कुठे? बाया ढिगाशी येऊन उभ्या राहिल्या. मघाचे चेहरे नव्हते. जनाबाईनं मला विचारलं, "कोकने, तिनं काहून ओतला वं कापूस?" मी दोरीकडे बघायला लागले. "आमचा हात लागला म्हून?" मी "नाही" म्हणाले, पण मग का ते मला सांगता येईना. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं? जनाबाई माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मग म्हणाली, "आमच्या हातचं पोटात चालते, आन् पोत्यात चालत नाही, होय?" शेवंता रडायला लागली. माझं अडाणीपण मला त्या आधी शंभर वेळा टोचलं असेल, पण ते माझंच असायचं, मला एकटीला. त्या दिवशी ते दुसऱ्यांच्या अंगावर पडलं. ज्यांनी दिलं त्यांचा अपमान झाला, जिनं घेतलं ती खोटी ठरली, आणि मधे मी उभी. दोन्हीकडची भाषा एव्हाना कळणारी, आणि बोलायला काही नसलेली.

ताई त्या वर्षी परत आल्या नाहीत. सरांनी सांगितलं होतं की हा हंगाम गेला. सरकारी छापील आकडे घेऊन घरबसल्या प्रबंध करा, वर्ष वाचेल. ताईंनी ते केलं नाही. मुलाकडचे थांबले नाहीत, सोयरीक मोडली. वडील त्यांच्याशी बोलेनासे झाले. हे सगळं मला पुढच्या हंगामात कळलं, त्या पुन्हा खुंट्या आणि दोरी घेऊन आल्या तेव्हा. मी विचारलं, छापील आकडे का नाही घेतले? म्हणाल्या, "त्यांतही कुणीतरी मायेनं मूठ टाकली नसेल कशावरून?" आणि स्वतःच हसत सुटल्या. लग्नाचं विचारायचं मला धाडस नव्हतं, तर आपणच म्हणाल्या, "अगं, एक वर्ष ही नमुन्याची लहानशी पुडी होती. तेवढ्यावरून सगळ्या घराचा वाण कळला, स्वस्तात सुटले." मग त्या दोरीकडे वळल्या. दोरीची गाठ सोडवत होत्या, ती सुटत नव्हती. मी पुढे होऊन सोडवली.

त्या हंगामात ताईंच्या चौकोनात वेचायला एकही बाई येईना. बाकीचं शेत वेचायच्या, दोरीपाशी आल्या की वळसा घालून जायच्या. ताईंनी मला विचारलं तेव्हा मला सांगावंच लागलं, जनाबाईच्या शब्दांत, जसंच्या तसं. ताईंनी हातातली खुंटी खाली ठेवली. "वर्षभर त्या असं समजून होत्या?" मी म्हणाले, "हो." "आणि तू काय सांगितलंस?" "काहीच नाही... मला माहीतच नव्हतं." मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चूक माझीच. तुला मी कधी काही समजावलंच नाही. नुसती दोरी धरायला लावली."

वस्तीकडे जाताना मी त्यांना माझी एक अक्कल सांगितली. म्हटलं, "यंदा असं सांगू, की कापूस कमी भरला तरच ताई पास." ताई वाटेत थांबून पोट धरून हसल्या. "अगं, मग त्या पोत्यातला काढून लपवतील!" हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "खरंच लपवतील गं त्या."

जनाबाई दारात डाळ निवडत होती. बस म्हणाली नाही. ताई उंबऱ्यापाशी जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "मावशी, शिव्या द्यायच्या तर आधी द्या. मग माझं ऐका."

"शिव्या कायले देऊ? तू मोठ्या घरची. आम्ही समजलो."

"मावशी, चुलीवर डाळ शिजली की नाही, हे तुम्ही कसं पाहता?"

"हे कोनतं आता? एक दाना काढतो, दाबून पाह्यतो."

"सगळं भांडं खाऊन पाहत नाही ना?"

"येडी झाली का?"

"मी तेच करत होते. सगळ्या तालुक्याची पऱ्हाटी म्हणजे भांडं. माझा दोरीचा चौकोन म्हणजे दाणा. त्यावरून सांगायचं, यंदा किती पिकलं, लोकांना किती पुरेल. मी दाणा मागितला मावशी, आणि तुम्ही माझ्या हातावर पुरणाची पोळी ठेवली. पोळी मला गोड लागली. पण डाळ शिजली की नाही, ते कसं कळायचं? म्हणून ओतला. हात तुमचा होता म्हणून नाही. माझा सख्खा भाऊ टाकता तरी ओतलाच असता."

जनाबाईचा हात सुपावर थांबला. मी मागे उभी. आमच्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' असं आजी रोज म्हणायची. मी भाताच्या गावची. शीत दाबतच मोठी झालेली. एवढंच सांगायचं होतं त्या दिवशी ढिगापाशी! एवढंच, आणि ते मला येत होतं, पण मला येतं हे मला ठाऊक नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शेवटी जनाबाई म्हणाली, "हे तवाच सांगतं तर काय तोंड दुखत होतं?"

"बस होती मावशी."

"बस!" जनाबाई म्हणाली. "बाई एम्मे झाली तं झाली, पन बशीची गडबड काही जात नाही." ताईंनी ते एम.एस्सी. आहे म्हणून सुधारलं नाही. आतून शेवंता पाण्याचा गडवा घेऊन आली. ताई प्यायल्या, आणि गडवा माझ्याकडे दिला. त्या दिवशी मी मामीकडे मागच्या दारी पाय धुतले नाहीत. मामीनं विचारलं, मी खरं सांगितलं, आणि चार दिवस अबोला सोसला.

त्या हंगामात जनाबाई ताईंच्या चौकोनाची राखण करायची. कुणाचा हात नुसता पोत्याजवळ गेला तरी ओरडायची, "ए! दाना हाय तो, दाना! पोळी नोको टाकू!" ताईंचा प्रबंध झाला, पदवी मिळाली, अमरावतीच्या कॉलेजात शिकवायला लागल्या. वडील बोलायला लागले. सुट्टीत त्या येताना माझ्यासाठी पुस्तकं आणायच्या, जोडाक्षरं घोटून घ्यायच्या. लग्न मात्र पुन्हा जमलं नाही. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. त्या गेल्या तेव्हा आजारात उशाशी कोण होतं, हेही मी त्यांच्या भावाला विचारू शकले नाही. उत्तराची मला भीती वाटली.

बातमी सांगायला मी वस्तीत गेले. जनाबाई आता फारशी हिंडत नाही, डोळ्यांनी कमी दिसतं. तिनं ऐकलं, आणि एवढंच विचारलं, "जेवत होती का नाही वं ती येळेवर?" मला माहीत नव्हतं. मग नव्या वेचणाऱ्या पोरी जमल्या, शेवंताच्या जावा, शेजारणी. त्यांतल्या एकीनं विचारलं, "तेच ताई का, जिनं बायाइचा कापूस ओतला होता?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवंता म्हणाली, "सांग वं कोकने, तू सांग." आणि मी सांगितलं. डाळ, दाणा, पुरणाची पोळी. ताईंसारखं नाही जमलं, पण पोरींनी माना हलवल्या. जनाबाई भिंतीला टेकून ऐकत होती. माझ्या जिवाला जरा बरं वाटलं, तोच त्यातली एक बारकी, चुणचुणीत पोरगी म्हणाली, "ते समजलं. पन जागा ते पुस्तकातल्या आकड्यानंच काहून काढे? चांगली पऱ्हाटी पाहून एक, वाईट पाहून एक, मधली पाहून एक, असं काहून नाही?"

मला माहीत नाही. मी त्यांच्यामागून दोन हंगाम दोरी धरून हिंडले, त्यांच्याकडून वाचायला शिकले, आणि हे विचारायचं कधी सुचलंच नाही. पण ह्या वेळी गप्प बसले नाही. म्हटलं, "मले नाही माहीत. शिकून येतो." माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली. पोरी हसल्या. जनाबाई म्हणाली, "ये. मी मेली तरी ये. ह्या पोरी असतीन."

यंदा मी शेजारच्या मास्तरांकडे गणित सुरू केलं आहे, अपूर्णांकापासून. सत्ताविसाव्या वर्षी अपूर्णांकाला अडते, आणि मास्तरांची दहा वर्षांची मुलगी दाराआडून हसते. मॅट्रिक होईल तेव्हा होईल. सुमनताई, तुम्ही मला जे दिलंत ते तुम्हाला परत करण्याची सोय आता राहिली नाही. पण त्या पोरीचा प्रश्न माझ्याकडे आहे. जागा आकड्यानंच का काढायची, हे मी शिकेन, आणि एक दिवस तिच्या दारात, जमिनीवर बसून, तिला समजेल असं सांगेन. तेवढं तुमचं फेडल्याशिवाय मी मरणार नाही.